युरिनलचा सेन्सर बिघडला? आधी दोन ‘टक’ ऐका

गणपतीचा तिसरा दिवस, पहाटे साडेपाचला आमच्या हॉलच्या चौकीदाराचा फोन. टंकीत थेंब नाही, आणि आठ वाजता बायकांचं सामूहिक अथर्वशीर्ष, शंभरेक माणसं येणार. (आम्ही इंदूरकर टाकीला टंकीच म्हणतो, या लेखात तेवढं चालवून घ्या.) तसाच उठून गेलो तर पुरुषांच्या टॉयलेटमधलं कोपऱ्यातलं सेन्सरवालं युरिनल रात्रभर वाहत होतं. ३००० लिटरची टंकी, रात्री अकराला भरलेली, पहाटे चारच्या सुमारासच संपलेली. मोटर लावली, पाणी यायला लागलं आणि आता एक नाही, चारही युरिनलं एकदम वाहायला लागली. प्लंबर आला, बघितलं, म्हणाला, “भिया, चारों सेंसर उड़ गए, वोल्टेज से. पूरा सेट नया लगेगा.”

चारही युनिट सेलवर चालणारी आहेत, त्यांना लाइटची वायरच नाही, मग व्होल्टेजने उडणार काय? मी बरीच वर्षं एका हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये काढली, हे व्हॉल्व्ह खूप उघडले, आणि त्यावरून सांगतो की “सेन्सर गेला” असं ज्याला म्हणतात त्यात सेन्सर खरंच गेलेला फार कमी वेळा असतो. पण लोकांना आत काय चाललंय ते माहीत नसतं, समोर काळी काच दिसते तिलाच दोष देतात आणि हजारो रुपयांचा सेट बदलून मोकळे होतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

तर आत तीन वेगळी कामं चालतात, एक बघणारा डोळा, एक झटका देणारा हात आणि एक पाणी अडवणारं रबर. तिघांतलं कोण आजारी आहे ते ओळखलं की अर्धं काम झालं.

डोळा म्हणजे ती काळी काच. तिच्यामागे दोन छोटे भाग असतात, एक इन्फ्रारेड उजेड फेकतो (टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तोच, आपल्याला दिसत नाही) आणि दुसरा परत आलेला उजेड पकडतो. समोर माणूस उभा राहिला की उजेड कपड्यांवर आपटून परत येतो. नुसता कोणी समोरून गेला तर फ्लश होत नाही, काही सेकंद उभं राहावं लागतं, मग सर्किट म्हणतं हा खरा गिऱ्हाईक, आणि तो बाजूला झाला की ऑर्डर सुटते.

ऑर्डर जाते सोलेनॉइडला. तांब्याच्या तारेची गुंडाळी, मधे एक लोखंडी दांडी, तिला प्लंजर म्हणतात. सेलवर चालणाऱ्यात हा बहुतेक लॅचिंग प्रकारचा असतो, म्हणजे आत एक कायमचं चुंबक बसवलेलं असतं, एक छोटा झटका दिला की दांडी वर जाऊन तिथंच चिकटून राहते, उलटा झटका दिला की खाली येते. मधल्या वेळात करंट लागतच नाही, म्हणून तर चार पेन्सिल सेलवर हे युनिट महिनोन्‌महिने चालतं. आणि प्रत्येक झटक्याला आवाज येतो, टक. उघडताना एक टक, बंद होताना एक टक.

आता रबर, म्हणजे डायाफ्राम, आणि खरी गंमत इथं आहे. चार सेलचा जीव तो केवढा, तो टंकीचं सगळं प्रेशर अडवेल कसा? तर तो अडवतच नाही, पाण्याला पाण्यानेच अडवलेलं असतं. रबराची एक गोल चकती पाण्याच्या वाटेवर झाकणासारखी बसलेली असते. तिला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यातून थोडं पाणी वरच्या खोलीत जातं आणि तिथं भरून राहतं. वरून पाणी चकतीच्या पूर्ण अंगावर दाबतं, खालून मात्र फक्त कडेच्या भागावर, कारण मधला भाग रिकाम्या नळीवर टेकलेला असतो. म्हणून वरचा जोर जास्त, झाकण घट्ट बंद. सोलेनॉइड एवढंच करतो की वरच्या खोलीची एक बारीक खिडकी उघडतो. ते पाणी निसटतं, वरचा जोर जातो, खालचं पाणी झाकण उचलतं आणि फ्लश होतो. खिडकी बंद झाली की सुईच्या भोकातून खोली पुन्हा भरते आणि झाकण आपसूक खाली बसतं. हे नीट डोक्यात बसलं ना, की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल.

म्हणजे बघा, ते सुईचं भोक क्षाराने बुजलं तर? खोली भरणारच नाही, झाकण बसणारच नाही, पाणी वाहतच राहणार. सेन्सर बिचारा ठणठणीत.

म्हणून पहिली तपासणी कानाने. स्टॉप कॉक बंद करा, म्हणजे पाण्याचा आवाज जाईल. (बऱ्याच व्हॉल्व्हला बाजूला स्क्रूड्रायव्हरची खाच असलेला कॉक असतो. बंद करताना किती आटे फिरवले ते मोजून भिंतीवर पेन्सिलने लिहा, नाहीतर परत उघडताना फ्लशचा जोर बदलतो आणि मग नवीनच तक्रार सुरू.) आता हात किंवा वही काचेसमोर एक वीतभर अंतरावर धरा, दहा सेकंद थांबा, काढून घ्या. एक टक ऐकू यायला हवी आणि काही सेकंदांनी दुसरी. आजूबाजूला कलकलाट असेल तर जुन्या मेकॅनिकची युक्ती, स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हच्या बॉडीवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, टक अगदी डोक्यात वाजते.

दोन्ही टक आल्या म्हणजे डोळा चांगला, सेल चांगले, सोलेनॉइड हलतोय. बिघाड पाण्याच्या बाजूला आहे, तिकडंच बघा. एकच टक आली, दुसरी आलीच नाही, तर उघडायला जोर मिळाला पण बंद करायला नाही, सेल दमलेत किंवा दांडी अडकतेय. एकही टक नाही तर काचेमागचा छोटा लाल दिवा लागतो का बघा. दिवा लागला पण टक नाही, तर सोलेनॉइडची वायर सुटलीय का, पिनांवर गंज आहे का. दिवाच नाही तर सेल, नाहीतर मग डोळा.

सेलबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. चार अल्कलाइन सेल म्हणजे ६ व्होल्ट. स्वस्तातले घड्याळाचे सेल घातले तर घड्याळ वर्षभर चालतं म्हणून लोकांना वाटतं इथंही चालतील, पण घड्याळाला करंटचा थेंब थेंब लागतो आणि सोलेनॉइडला एकदम घोट लागतो, तो घोट हे सेल देऊ शकत नाहीत. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८, म्हणजे बऱ्याच युनिटना पहिल्याच दिवशी सेल संपत आल्यासारखे वाटतात. आणि तीन जुने एक नवा असं कधीच करू नका. मल्टीमीटर लावून “अरे ५.८ दाखवतंय, सेल चांगलेत” म्हणणारेही भेटतात, पण ते नुसतं बसलेलं असतानाचं व्होल्टेज झालं, झटका देताना ते किती खाली पडतं ते बघायला हवं. सोपं म्हणजे दुकानातून आणलेले ताजे चार सेल घालून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

सेलच्या डब्यात पांढरी भुकटी दिसली तर सेल गळालेत. हाताला लावू नका, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, कोरडं करा, मग नवे घाला. आमचा हॉल लग्नसराई संपली की दीड-दोन महिने जवळजवळ बंद असतो, तेव्हा मी सेल काढूनच ठेवतो.

सेल घातल्यावर काही मॉडेलमध्ये दिवा थोडा वेळ लुकलुकतो, त्या वेळात युनिट समोरचं अंतर शिकत असतं. तेव्हा समोर उभं राहायचं नाही! आपण कौतुकाने समोर उभं राहून बघतो आणि त्याला वाटतं ही भिंतच आहे, मग दिवसभर माणसं ओळखत नाही. सेल काढा, मिनिटभर थांबा, परत घाला आणि बाजूला व्हा.

वायरीवर चालणारं युनिट असेल तर २३० व्होल्टवरून ६ किंवा १२ व्होल्ट करणारा छोटा अडॅप्टर असतो, आणि व्होल्टेज वरखाली झालं की आधी तो जातो, सेन्सर नाही. तो बदलणं स्वस्त आहे. पण एमसीबी बंद केल्याशिवाय तिथं हात घालायचा नाही, ओली जागा आहे.

आता डोळ्याचे आजार. डोळा उजेड फेकतोय का ते मोबाइलने कळतं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा काचेसमोर धरा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. सगळ्या फोनमध्ये दिसत नाही, म्हणून आधी टीव्हीच्या रिमोटवर फोन तपासून घ्या, रिमोटचं बटण दाबल्यावर ठिपका दिसला तर फोन कामाचा.

काच मळली, तिच्यावर साबणाचा थर बसला किंवा चरे पडले की फेकलेला उजेड तिथंच विखुरतो आणि परत आत येतो, युनिटला वाटतं समोर कोणीतरी उभं आहे, आणि तो माणूस काही जातच नाही, मग फ्लशही होत नाही. चरे कशाने पडतात? तारेच्या घासणीने. आमच्या सफाईवाल्या मावशी फार मन लावून काम करतात, स्टीलची घासणी घेऊन काचही चकचकीत करायच्या, चूक त्यांची नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, बस. टॉयलेट साफ करायचं ॲसिड तर काचेवर आणि क्रोमवर अजिबात नको, आणि हे जिवाचं म्हणून सांगतो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधी होऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो, बंद टॉयलेटमध्ये माणूस गुदमरू शकतो.

काळे कपडे इन्फ्रारेड उजेड गिळतात, गडद कोट घातलेल्या माणसाला सेन्सर कधीकधी बघतच नाही, तेव्हा रेंज थोडी वाढवावी लागते. आणि रेंज जास्त झाली की समोरचा आरसा, स्टीलचं दार, गुळगुळीत पांढरी टाइल यांच्यावरून उजेड परत येऊन कोणी नसताना फ्लश होत राहतो. हे मधलं अंतर साधायचं असतं. बहुतेक युनिटमध्ये त्यासाठी बारीक स्क्रू किंवा बटण असतं, पाव आटा फिरवा, तपासा, परत पाव आटा, एकदम नको.

हॉस्पिटलमध्ये एक युरिनल रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास वेड्यासारखं वागायचं आणि साडेसहाला शहाणं व्हायचं. दोनदा युनिट बदलून झालं होतं. शेवटी मी एक दिवस पाच वाजता तिथं स्टूल टाकून बसलो. पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी सरकत सरकत बरोब्बर त्या काचेवर आली आणि सुरू झालं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, डोळा दिपतो. झरोक्याला दुधी फिल्म लावली, खेळ संपला.

कोणी नसताना रात्री एखादा फ्लश झाला तर घाबरू नका, आमचा चौकीदार घाबरला होता. बारा किंवा चोवीस तास कोणी वापरलं नाही तर आपोआप एक फ्लश द्यायचा अशी सोय काही युनिटमध्ये मुद्दाम केलेली असते, जाळीखालच्या वाकड्या पाइपमधलं पाणी सुकून गटाराचा वास वर येऊ नये म्हणून.

कमोडवर सेन्सर असेल तिथं लहान मुलं घाबरतात, बसलेली असतानाच खालून धो धो. मूल ठेंगणं, डोळ्याला दिसत नाही, त्याला वाटतं माणूस उठून गेला. आई-वडिलांनी काचेवर कागदाचा तुकडा चिकटवायचा, मुलाचं झालं की काढायचा. कागद असेपर्यंत सेन्सरला माणूस बसलेलाच वाटतो.

आता पाण्याकडं येऊ, आणि इंदूरला खरं दुखणं पाण्याचंच. नर्मदेचं पाणी १९७८ पासून आपल्याकडं येतंय, जलूदहून, साधारण सत्तर किलोमीटरवरून, तेही माळव्याच्या पठारावर वर चढवून. ते एक दिवसाआड येतं आणि बाकीची भरपाई बोअरने होते. बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं, क्षार भरपूर, गीझरची कॉइल आणि नळाच्या जाळ्या बघितल्यात ना, पांढरा खडबडीत थर, तोच थर त्या सुईच्या भोकात बसतो.

दोन टक आल्या आणि तरी पाणी पूर्ण जोरात वाहतंय, तर भोक बुजलंय किंवा सोलेनॉइडच्या खिडकीत कचरा अडकलाय. नुसती बारीक धार गळतेय तर झाकणाच्या बैठकीवर वाळूचा कण असेल, किंवा रबर झिजलंय. फ्लश अगदी आखूड, आला आणि गेला, तर भोक मोठं झालंय, रबर बदला. टक येते पण पाणीच नाही किंवा अगदी कमी, तर स्टॉप कॉक आणि आत शिरतानाची जाळी बघा. टंकी धुतल्यावर किंवा रस्त्यावर पाइपलाइनचं काम झाल्यावर पुढचे दोन दिवस जाळीत चिखल सापडतोच.

डायाफ्राम काढणं अवघड नाही. स्टॉप कॉक पूर्ण बंद, एकदा फ्लश देऊन प्रेशर सोडा, वरचं झाकण उघडा, मोबाइलने फोटो काढा (कुठली बाजू वर, स्प्रिंग कशी बसलीय), मग रबर उचला. उजेडाकडं धरलं की भोकातून प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा. दिसला नाही तर कोमट पाण्यात लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड चमचाभर टाकून अर्धा तास बुडवून ठेवा, मग टूथब्रशच्या एका केसाने भोक मोकळं करा. सुई घालायची नाही, टाचणी घालायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. भोकाच्या मापावरच फ्लश किती वेळ चालायचा ते ठरतं, सुईने ते फाटलं की रबर गेलं. रबराला खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, फुगतं, लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस. सोलेनॉइडची दांडी आणि तिची स्प्रिंग पण त्याच पाण्यातून काढा, मात्र कॉइल पाण्यात बुडवू नका.

आता त्या सकाळचं कोडं, चारही युरिनलं का वाहत होती. कोपऱ्यातल्याच्या भोकात क्षाराचा बारीक खडा होता, ते रात्रभर वाहिलं आणि टंकी संपली. मग मोटर लावल्यावर रिकाम्या पाइपात पाणी हळूहळू आलं. आमच्या या व्हॉल्व्हमध्ये झाकणाला दाबून धरणारी स्प्रिंग नाही, प्रेशर गेलं की झाकणं सैल पडतात. चौघांतून थोडं थोडं पाणी निसटत राहिलं आणि लाइनमध्ये प्रेशर बनेचना, आणि प्रेशर नाही तर वरच्या खोल्या भरणार कशा, झाकणं बसणार कशी. चारही स्टॉप कॉक बंद केले, वीस मिनिटं टंकी भरू दिली, मग एकेक कॉक उघडला, उघडला की थांबायचं, ते युरिनल शांत झालं की पुढचं. तीन तर हात न लावता ठीक झाली. चौथ्याचं रबर धुतलं. पावणेआठ वाजले होते, बायका यायला लागल्या होत्या.

नंतर मी बादली लावून मोजलं, १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर, तासाला ६००. पाच तासांत ३००० लिटर सत्तर किलोमीटरवरून आणलेलं पाणी सरळ गटारात. आपल्या शहराला २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळत आला याचा मला मनापासून अभिमान आहे, म्हणूनच हे बघून जीव तुटतो.

प्रेशरचा एक हिशोब लक्षात ठेवा, १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार. टंकी गच्चीवर आणि टॉयलेट तिच्या लगेच खालच्या मजल्यावर, तर मधे दोन-तीन मीटर, म्हणजे ०.२ ते ०.३ बार. बऱ्याच युरिनल व्हॉल्व्हना कमीतकमी ०.५ बार लागतं, कमोडच्या व्हॉल्व्हला त्याहून जास्त आणि पाइपही जाड. म्हणून वरच्या मजल्यावरचे सेन्सर “खराब” निघतात आणि खालच्या मजल्यावर तेच मॉडेल वर्षानुवर्षं चालतं. तिथं कितीही युनिट बदला, प्रेशर पंप लावेपर्यंत काही होणार नाही. घेतानाच डब्यावर किमान प्रेशर वाचून घ्या.

आणि स्पेअर आणायला सियागंजात जाल तेव्हा “सेन्सर युरिनलचा वॉशर द्या” असं म्हणू नका, जुनं रबर खिशात घालून घेऊन जा, काउंटरवर नव्यावर जुनं ठेवा, भोक, कड, जाडी सगळं जुळवा, दिसायला सारखी पण मापात वेगळी रबरं खूप असतात.

आमच्या हॉलच्या कपाटात आता बिस्किटांचा एक जुना डबा आहे, त्यात दोन डायाफ्राम, आठ अल्कलाइन सेल, एक टूथब्रश, लिंबूफुलाची पुडी आणि चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर. सेल बदलले की तारीख मार्करने सेलवरच लिहितो. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, चार ओळींचा, कुठल्या युरिनलचा कॉक किती आटे उघडा ठेवायचा: डावीकडून दोन, दोन, अडीच, आणि कोपऱ्यातला पावणेदोन.